सुया टोचल्या, पण फोटो काढला का?

"अक्का, आधी सुया टोचून घेतल्या तर म्हणे फोटोत मुतखडा चांगला दिसतो. खरं काय?"

हा प्रश्न गेल्या दोन वर्षांत मला तिघांनी विचारला. एकजण निपाणीचा, एक संकेश्वरचा आणि तिसऱ्या आमच्या शहापूरच्याच एक आजीबाई. प्रश्न मला विचारला जातो याचे कारण असे की मी आयुष्याची अठ्ठावीस वर्षे एक्स-रेच्या खोलीत काढली आहेत. माहेर बेळगाव, घरात मराठी. सासर निपाणी, पण सासूबाई गोकाककडच्या, त्यामुळे चुलीपाशी कन्नड. तपासणीच्या टेबलावर माणूस आडवा झाला की "श्वास रोखा" म्हणायचे की "उसिर हिडीरी" हे मी त्याच्या चेहऱ्यावरून ओळखायला शिकले होते. "सोडा", "बिडरी" हे दोन्ही शब्द आजही झोपेत तोंडातून येतात, असे आमचे हे म्हणतात.

तर प्रश्नाचे उत्तर आधी देऊन टाकते. सुयांनी खडा जास्त ठळक दिसत नाही. खडा एक्स-रेवर दिसतो तो त्यातल्या कॅल्शियममुळे. बहुतेक खडे कॅल्शियमचे असतात म्हणून दिसतात. युरिक ॲसिडचा खडा साध्या एक्स-रेवर दिसतच नाही, मग शंभर सुया टोचा. पण खडा आणि फोटो यांच्या मध्ये तीन गोष्टी आडव्या येतात. पोटातला गॅस, अंगाची हालचाल आणि मनातली भीती. सुयांचा संबंध असलाच तर या तिघांशी आहे, आणि तेवढा संबंध मात्र विचार करण्यासारखा आहे.

आता 'सुई' या शब्दाचीही एक गंमत आहे. मराठीत "डॉक्टरांनी सुई दिली" म्हणजे इंजेक्शन दिले. कन्नडमधल्या 'सूजी'चेही तेच. त्यामुळे "ॲक्युपंक्चरच्या सुया" म्हटले की आपल्याकडची वडीलधारी माणसे विचारतात, "त्यात औषध कुठलं असतं?" काहीच नसते. केसासारखी बारीक, भरीव, पोलादाची सुई. ठराविक जागी टोचायची, थोडी फिरवायची किंवा तिला बारीकसा विजेचा झटका जोडायचा, वीस-तीस मिनिटांनी काढायची. रक्तही सहसा येत नाही.

हुलगे आणि आयव्हीपी

माझ्या नोकरीच्या काळात मूत्रमार्गाची मोठी तपासणी म्हणजे आयव्हीपी. ती कशी चालते ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही. हाताच्या शिरेतून आयोडीन असलेले औषध सोडायचे. आम्ही त्याला 'डाय' म्हणतो. ते रक्तातून मूत्रपिंडात जाते, तिथून मूत्रवाहिनीत आणि मग लघवीच्या पिशवीत उतरते. पाच मिनिटांनी एक प्लेट, मग दहा, मग पंधरा, असे करत लघवी झाल्यावर शेवटची. जिथे खडा अडकला असेल तिथे पांढरी रेघ थबकते. वरचा भाग फुगलेला दिसतो. बर्लिनमध्ये 1929 साली मोझेस स्विक या तरुण अमेरिकन डॉक्टरने शिरेतून देता येईल असे औषध वापरून हे चित्र पहिल्यांदा नीट मिळवले. त्याआधी 1906 पासून खालून, लघवीच्या मार्गाने नळी घालून डाय भरत. रुग्णाचे काय होत असेल, कल्पना करा!

डाय मूत्रवाहिनीत थोडा वेळ थांबावा म्हणून पोटावर एक पट्टा आवळत असू. मूत्रवाहिनी ही काही साधी नळी नाही. ती स्वतः लाटेसारखी आकसते आणि लघवी पुढे ढकलते. त्यामुळे एका प्लेटमध्ये तिचा तुकडाच दिसतो, दुसऱ्या प्लेटमध्ये दुसरा. खड्याची कळ चालू असताना मात्र पट्टा लावायचा नाही, हा नियम.

आणि गॅस! आतड्यातला वायू काळ्या फुग्यांसारखा नेमका मूत्रपिंडावर येऊन बसतो. म्हणून आदल्या रात्री जुलाबाची गोळी किंवा एरंडेल, हलके जेवण, डाळी-उसळी बंद. हे सगळे छापील कागदावर कन्नडमध्ये आणि इंग्रजीत लिहून देत असू, मी मराठीत तोंडी सांगत असे. पण आपल्याकडे मुतखडा म्हटला की काय? हुलगे! सासूबाईंच्या भाषेत हुरळी. हुलग्याचे पाणी, हुलग्याचे कढण, जमलेच तर वाटीभर उसळ. उद्या तपासणी आहे म्हणून आदल्या रात्री घरच्यांनी मायेने दोन वाट्या जास्तच वाढलेल्या. सकाळी प्लेट धुऊन बघावी तर मूत्रपिंड कुठे आणि गॅस कुठे, काही कळत नाही. हुलग्याने खडा विरघळतो की नाही यावर घराघरांत वाद आहेत, मी त्यात पडत नाही. पण हुलगे खाऊन फोटोला येऊ नये, एवढे मी खात्रीने सांगेन. भीतीने घोट घोट हवा गिळणारे आणि बाहेर बाकावर बसून बिडीवर बिडी ओढणारेही पोटात हवा भरूनच आत येतात.

दुसरी अडचण करदोड्याची. कन्नडमध्ये उडदार. पुरुष सगळे कपडे उतरवतील, पण चांदीचा करदोडा उतरवायचा म्हटले की चेहरा पडतो. तो बरोबर खालच्या मूत्रवाहिनीवरून जातो आणि फोटोत जाड दोरखंडासारखा उमटतो. सुयांचेही तसेच आहे, पण त्याबद्दल पुढे.

पत्रकाराच्या पोटातला वायू

गॅसचा विषय निघाला म्हणून जेम्स रेस्टन या अमेरिकन पत्रकाराची गोष्ट सांगितली पाहिजे. न्यूयॉर्क टाइम्सचा हा नामांकित लेखक जुलै 1971 मध्ये पेकिंगला, म्हणजे आजच्या बीजिंगला गेला होता. तिथे त्याचे ॲपेंडिक्स दुखावले. शस्त्रक्रिया झाली ती नेहमीप्रमाणे भूल देऊनच. सुयांवर शस्त्रक्रिया झाली असे पुष्कळजण सांगतात, ते खरे नाही. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या रात्री पोट वायूने तट्ट फुगले आणि तो बेजार झाला. तेव्हा तिथल्या ॲक्युपंक्चरच्या डॉक्टरांनी त्याच्या कोपराला आणि गुडघ्यांच्या खाली सुया लावल्या, जळत्या औषधी वनस्पतीची धग दिली. तासाभरात पोट मोकळे झाले, असे त्याने स्वतः लिहिले. त्या लेखाने अमेरिकेत ॲक्युपंक्चरची लाट आली.

एका माणसाच्या अनुभवाने शास्त्र ठरत नाही हे खरे. तासाभराने गॅस आपोआपही सरकला असता. तरी एक्स-रेच्या खोलीत वावरलेल्या माझ्यासारखीला यात पहिल्यांदा काय दिसते? पोटातला वायू हलला. सुया घेतलेल्या पेशंटचा फोटो चांगला येतो, या बोलण्याचे मूळ मला तरी इथेच कुठेतरी वाटते.

मुतखड्यासाठी तर चीनमध्ये याहून मोठा घाट घालत. भरपूर पाणी पाजायचे, लघवी वाढवणारा काढा द्यायचा, कमरेजवळच्या आणि पायाच्या जागांवर सुया लावून त्यांना वीज जोडायची, आणि मग रुग्णाला उड्या मारायला लावायच्या! एकाच दिवशी सगळ्या बाजूंनी चढाई, म्हणून नावही तसेच लढाईचे, 'सर्वंकष हल्ला'. वाचून मला हसू आले. आपल्याकडेही "चिकोडी गाडीत मागच्या सीटवर बसून ये, खडा आपोआप पडेल" असे सांगणारे म्हातारे होतेच की. पण तिथल्या डॉक्टरांची एक गोष्ट महत्त्वाची होती. अशा उपचारात खडा केवढा आहे, कुठे आहे आणि खाली सरकला का, हे ते फोटोवर पाहत.

सोलापूरचे डॉक्टर आणि कलकत्त्याचे डॉक्टर

ॲक्युपंक्चर म्हटले की मराठी माणसाला डॉ. कोटणीस आठवतात. कितीतरी ॲक्युपंक्चर केंद्रांना त्यांचे नाव आहे. म्हणून इथे एक खुलासा. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, जन्म 1910 चा, शिक्षण मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात. 1938 साली जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला पाच भारतीय डॉक्टरांचे पथक गेले, त्यात ते होते. नागपूरचे डॉ. चोळकरही त्यात होते. कोटणीसांनी तिथे जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या, चिनी परिचारिका कुओ छिंगलान यांच्याशी लग्न केले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच देह ठेवला. कोल्हापूरच्या व्ही. शांताराम यांनी 1946 मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला, तो आपल्या आई-वडिलांच्या पिढीने पाहिला. कोटणीस ओळखले जातात ते शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर म्हणून.

सुया भारतात आणल्या त्या त्याच पथकातल्या डॉ. विजयकुमार बसू यांनी. ते 1943 मध्ये परतले, पुढे पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकले आणि 1959 च्या सुमारास कलकत्त्यात त्यांनी ॲक्युपंक्चर सुरू केले. आपल्या सहकाऱ्याचे नाव त्यांनी या कामाशी जोडून जिवंत ठेवले. म्हणजे नाव सोलापूरचे, सुया कलकत्त्याच्या.

वेदना कमी होते का?

कळ आलेला माणूस पाहिला नसेल त्याला हे सांगून कळणार नाही. बाळंतपणाच्या कळा आणि मुतखड्याची कळ दोन्ही सोसलेल्या बायका मला सांगत, "खड्याची नको बाई." माणूस टेबलावर सरळ पडूच शकत नाही. गुडघे पोटाशी घेतो, कुशीवर वळतो, उठून उभा राहतो, ओकतो. अशा माणसाला "अल्लाडब्याडरी", हलू नका, म्हणणे हा क्रूरपणा वाटे. प्लेट हलली की पुन्हा काढायची. म्हणजे किरण पुन्हा, खर्च पुन्हा.

इथे सुयांची बाजू बरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2003 मध्ये ॲक्युपंक्चरच्या चाचण्यांचा आढावा छापला, त्यात मुतखड्याच्या कळेचे नाव परिणाम दिसलेल्या दुखण्यांत होते. त्या आढाव्यावर पुष्कळ टीकाही झाली, कारण त्यातल्या कितीतरी चाचण्या कच्च्या होत्या. पण 2022 मध्ये 'जामा नेटवर्क ओपन' या वैद्यकीय नियतकालिकात बीजिंगची एक नेटकी चाचणी आली. तातडीच्या विभागात कळ घेऊन आलेले 80 रुग्ण. सगळ्यांना डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन दिलेच. त्याशिवाय अर्ध्यांना हाताच्या पंजाच्या मागच्या बाजूला खऱ्या सुया लावल्या, अर्ध्यांना नुसत्या नावाच्या. दहा मिनिटांनी वेदना निम्मी किंवा त्याहून कमी झालेले रुग्ण खऱ्या सुयांच्या गटात 40 पैकी 31 आणि दुसऱ्या गटात 40 पैकी 4.

इंजेक्शनचा असर पुरता चढायला वेळ लागतो. त्या मधल्या दहा-पंधरा मिनिटांतच तर माणसाला टेबलावर घ्यायचे असते. शिवाय सुया हातावर, म्हणजे पोट आणि कमर सोनोग्राफीला मोकळी. फोटोला सुयांची मदत व्हायची तर ती अशी, माणूस शांत पडून राहावा म्हणून. चाचणी मात्र एकाच ठिकाणची आणि लहान आहे, हेही लक्षात ठेवावे.

हे कसे घडते? मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी 1965 मध्ये मांडले की पाठीच्या कण्यात वेदनेला एक फाटक असते, आणि दुसऱ्या संवेदनेची गर्दी झाली की ते अर्धवट मिटते. दुखऱ्या जागी आपण चोळतो ना, तसे. पुढे शरीर स्वतः तयार करते त्या अफूसारख्या द्रव्यांचाही यात हात आहे असे प्रयोगांत दिसले. चिनी वैद्य 'ची'चे प्रवाह सांगतात. आपण त्या वादात न पडता एवढेच घ्यावे की वेदना ही मेंदूपर्यंत जाणारी खबर आहे आणि सुई त्या खबरेला वाटेत अडवू शकते. खबर अडते. खडा तिथेच असतो.

माझे चुलत सासरे

हा लेख लिहायला बसले ते खरे तर यासाठी.

आमचे एक चुलत सासरे होते. निपाणीत तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहीत. दिवसभर बसून काम, पाणी कमी, चहा आणि बिडी जास्त. पंचावन्नाव्या वर्षी उजव्या कुशीत कळा सुरू झाल्या. कोणीतरी एका सुया लावणाऱ्याचा पत्ता दिला. गाव मी सांगत नाही, माणूस वाईट नव्हता. तीन बैठकांत दुखणे थांबले! घरात आनंद. "डॉक्टर फोटो काढ, रक्त तपास, पाच हजार घालव म्हणाले असते, इथे तीन सुयांत काम," असे ते येईल-जाईल त्याला सांगत. मी दोनदा म्हटले, "मामंजी, एक सोनोग्राफी तरी करून घ्या, मी येते बरोबर." ते हसून म्हणत, "दुखतच नाही तर फोटो कशाचा काढायचा?"

आठ-नऊ महिन्यांनी हर्नियाच्या शस्त्रक्रियेआधी नेहमीची सोनोग्राफी झाली. उजवे मूत्रपिंड पाण्याच्या पिशवीसारखे फुगलेले. खडा मूत्रवाहिनीत होता तिथेच रुतून बसलेला. पुढे मूत्रपिंड किती काम करते हे मोजणारा स्कॅन झाला, तेव्हा कळले की उजवीकडचे जवळजवळ काहीच काम करत नाही. ते काढावे लागले. त्यांनी त्यानंतर पुष्कळ वर्षे एका मूत्रपिंडावर काढली, पण प्रत्येक तापाला, प्रत्येक वेदनेच्या गोळीला घर घाबरत असे.

असे का होते ते समजून घ्या. कळ येते ती मूत्रवाहिनी अचानक ताणल्याने. हळूहळू मूत्रपिंडच थकते, लघवी कमी बनवते, ताण ओसरतो आणि दुखणे आपोआपही थांबते. म्हणजे दुखणे थांबण्याचे दोन अर्थ निघतात. खडा पडला, किंवा मूत्रपिंड हरत चालले. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. सुया, गोळ्या, इंजेक्शन, हुलगे, कशानेही दुखणे थांबले तरी हा फरक फक्त फोटो सांगतो. पूर्ण अडलेले मूत्रपिंड काही आठवड्यांतच कायमचे बिघडू शकते. चार-पाच मिलिमीटरपर्यंतचा खडा बहुधा आपला आपण पडतो, एक सेंटिमीटरचा क्वचितच. केवढा आहे हे पाहिल्याशिवाय कसे कळणार? आणि खड्याबरोबर थंडी वाजून ताप आला तर सुया नाहीत, काढा नाही, थेट इस्पितळ. अडलेल्या लघवीत जंतू वाढले की एका रात्रीत जीव जातो.

तंबाखूच्या गावाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला लघवीच्या पिशवीचा कर्करोग न ओढणाऱ्यापेक्षा कितीतरी पट अधिक होतो, कारण धुरातली विषे लघवीतून बाहेर पडताना तिथे साठून राहतात. त्याची पहिली खूण बहुतेक वेळा लघवीतून रक्त, आणि तेही न दुखता. एकदा जाते, मग महिनाभर काही नाही. इथे थांबवायला वेदनाच नसते, म्हणून सुयांचा प्रश्नच येत नाही. पन्नाशी उलटलेल्या, बिडी ओढणाऱ्या माणसाला एकदा जरी लाल लघवी झाली तरी सोनोग्राफी आणि दुर्बिणीची तपासणी टाळू नये. बिड्या वळणाऱ्या बायकांचे दुखणे वेगळे. हजारी पुरी करायची म्हणून उठायचे नाही, शौचालयाची सोय नाही म्हणून पाणी प्यायचे नाही. खडा आणि लघवीचा जंतुसंसर्ग घेऊन त्या माझ्याकडे येत. "पाणी पी ग बाई" म्हणणे सोपे असते.

सुया फोटोत दिसतात

आता राहिलेला मुद्दा. ॲक्युपंक्चरची सुई धातूची आहे, ती एक्स-रेवर आणि सीटी स्कॅनवर उठून दिसते. पोटाला किंवा कमरेला सुया ठेवून फोटो काढला तर त्या नेमक्या खड्याच्या जागी आडव्या येतील. एमआरआयच्या चुंबकाजवळ तर सुई लावलेल्या माणसाला नेऊच नये. सुया काढाव्यात, मोजाव्यात, मग टेबलावर यावे.

याहून विचित्र प्रकार जपान-कोरियाकडचा. तिथे काहीजण सोन्याच्या बारीक सुयांचे तुकडे कायमचे कातडीखाली ठेवून देतात. कंबरेच्या एक्स-रेवर असे शेकडो बारीक केस विखुरलेले दिसतात. वर्षानुवर्षांनी त्यातला एखादा तुकडा सरकत सरकत मूत्रपिंडात किंवा लघवीच्या पिशवीत पोचलेला आणि त्याच्याभोवती खडा जमलेला, असेही वैद्यकीय नियतकालिकांत छापून आले आहे. खड्यावर उपाय म्हणून घातलेली सुई स्वतःच खड्याची बी! आपल्याकडे ही पद्धत रूढ नाही, पण कुवेत-कोरियात नोकरी करून आलेली मुले आहेत घरोघर, म्हणून लिहिले.

आयव्हीपी आता फार थोड्या ठिकाणी होते. 1995 मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी दाखवले की डाय न देता केलेल्या सीटी स्कॅनमध्ये काही क्षणांत जवळजवळ सगळेच खडे दिसतात, युरिक ॲसिडचेसुद्धा. एका श्वासात काम. पट्टा नाही, एरंडेल नाही, गॅसची तक्रार नाही. म्हणजे फोटोसाठी सुयांची जी काही गरज होती तीही आता कमीच झाली. पण सीटीला किरण जास्त लागतात, म्हणून गरोदर बाईला आणि लहान मुलांना आधी सोनोग्राफी. सोनोग्राफीत गॅसचा त्रास अजूनही तसाच आहे. तेव्हा हुलग्यांचा नियम चालू ठेवा.

ज्यांना सुया घ्यायच्याच आहेत त्यांना मी नाही म्हणत नाही. केंद्र सरकारने फेब्रुवारी 2019 मध्ये ॲक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली आहे. महाराष्ट्राने तर 'ॲक्युपंक्चर उपचारपद्धती अधिनियम, 2015' असा कायदाच केला. मात्र महाराष्ट्राच्या कायद्याखालची नोंदणी महाराष्ट्रापुरती. आपला एक पाय कागलला आणि एक निपाणीत, म्हणून पाटी कुठली आणि नोंदणी कुठली हे विचारायला लाजू नका. सुया दर वेळी नव्या, बंद पाकिटातल्या हव्यात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, मधुमेह असेल, दिवस गेलेले असतील तर आधी सांगा. कमरेच्या वर, बरगड्यांच्या आसपास खोल सुई घालू देऊ नका. तिथे आत फुप्फुस आणि मूत्रपिंड आहे. आणि "मी तुमचा खडा सुईने पाडतो, फोटोची गरज नाही," असे जो म्हणेल त्याच्याकडून उठून या, मग तो मराठीत म्हणो की कन्नडमध्ये.

उलट बाजूनेही एक सांगायचे आहे. सोनोग्राफीच्या टेबलावर जाण्यापूर्वी "मी काल सुया घेतल्या, आता दुखत नाही" हे डॉक्टरांना सांगा. पुष्कळजण रागावतील म्हणून लपवतात. दुखत नाही म्हटल्यावर डॉक्टर वेगळा विचार करतात, म्हणून दुखणे कशाने थांबले हे त्यांना कळायला हवे. डाय द्यायचा असेल तर क्रिएटिनिन तपासले का, पूर्वी डायची ॲलर्जी आली होती का, मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू आहे का, हेही बोला.

जुने रिपोर्ट आणि प्लेट टाकू नका. बेळगावला काढलेली सोनोग्राफी कोल्हापूर-मिरजेच्या डॉक्टरांना चालते, तिथली इथे चालते; रिपोर्ट इंग्रजीतच असतो, भाषेचा वाद तिथे नाही. खडा मागच्या वेळी कुठे होता आणि आता कुठे आहे, हे दोन तारखांचे दोन कागद शेजारी ठेवल्यावरच कळते. आमच्या घरी एक जुनी पत्र्याची ट्रंक त्यासाठीच ठेवली आहे. नातवंडांची लसीकरणाची कार्डेही तिच्यातच असतात.